कोंबड्या संपल्या, कंपनीला कुलूप लागलं… मग शेतकऱ्याच्या पैशामागे सरकारचा नेमका कोणता माणूस धावतो?

लोणंदच्या मार्केट यार्डात कांद्याचा लिलाव एकदा उभं राहून बघितला की एक गोष्ट लगेच लक्षात येते. सकाळी घरून निघताना शेतकऱ्याला पिशव्या किती हे माहीत असतं, पैसे किती हे माहीत नसतं. हळवा कांदा असो की गरवा, भाव यार्डात पोचल्यावर कळतो. कधी भाडं-हमाली जाऊन चार पैसे हातात राहतात, कधी पट्टी बघून माणूस गप्प बसतो.

आता अशा माणसाच्या दारात कुणीतरी येतं आणि म्हणतं, "पिल्लं आम्ही देणार, खाद्य आम्ही देणार, औषध आम्ही देणार. आणि अंडी, पक्षी ठरलेल्या भावाने आम्हीच परत घेणार. भाव आजच कागदावर लिहून घ्या."

ज्याला आयुष्यात कधी भाव आधी कळला नाही, त्याला हे वाक्य कसं वाटत असेल?

सातारा, सांगली, कोल्हापूर पट्ट्यात हे वाक्य हजारो शेतकऱ्यांनी ऐकलं. प्रकरण होतं कडकनाथ कोंबडीचं. आणि त्या प्रकरणातून एक प्रश्न अजूनही लोक विचारतात. फसवणूक झाली, गुन्हा दाखल झाला, आरोपीला अटकही झाली. मग पैसे कुठं आहेत? ते परत मिळवून देणं हे नक्की कुणाचं काम असतं? पोलिसांचं, सरकारी वकिलाचं, कलेक्टरचं, की ग्राहक मंचाचं?

आधी कडकनाथची गोष्ट थोडक्यात

कडकनाथ ही मूळची मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली कोंबडी. पिसं काळी, कातडी काळी, मांससुद्धा काळपट. २०१८ मध्ये झाबुआच्या कडकनाथला भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचं नाव देशभर गाजायला लागलं. कोंबडी खरी होती, तिला मागणीही होती. मागणी किती, हा प्रश्न मात्र फार कुणी विचारला नाही.

सांगली जिल्ह्यात वाळवा तालुक्यातल्या इस्लामपूरमध्ये महारयत अ‍ॅग्रो नावाच्या कंपनीने शेतकऱ्यांकडून पैसे घेऊन कडकनाथची पिल्लं द्यायला सुरुवात केली. पालन शेतकऱ्याने करायचं, अंडी आणि पक्षी कंपनीने उचलायचे. कुणी शेड बांधायला सोनं गहाण टाकलं, कुणी पतसंस्थेचं कर्ज काढलं. सुरुवातीला पैसे मिळाले. ते बघून शेजारचा आला, मग पाहुणे आले.

२०१९ मध्ये गाडी रुळावरून घसरली. खाद्य यायचं थांबलं, अंडी उचलणं थांबलं, पैसे थांबले. शेडमधले पक्षी मात्र रोज खायला मागत होते. फसवणुकीचे गुन्हे नोंदवले गेले आणि सप्टेंबर २०१९ मध्ये तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्या महाजनादेश यात्रेचा ताफा सांगली जिल्ह्यातून जात असताना स्वाभिमानीच्या कार्यकर्त्यांनी ताफ्यासमोर कडकनाथ कोंबड्या आणि अंडी फेकली. टीव्हीवर ते दृश्य सगळ्या महाराष्ट्राने बघितलं. फसवणुकीचे आकडे शेकडो कोटींत सांगितले जाऊ लागले.

तसं बघितलं तर ही पद्धत नवी नव्हती. तमिळनाडूत पेरुंदुराईच्या सुसी इमू फार्म्सने इमू पक्ष्यांवर हाच खेळ मांडला होता आणि २०१२ मध्ये तो कोसळला. पक्षी बदलला, करार तोच राहिला.

आपल्याकडे 'ग्राहकाचा सरकारी वकील' असतो का?

अमेरिकेत प्रत्येक राज्याला एक अ‍ॅटर्नी जनरल असतो आणि लोकांची फसवणूक करणाऱ्या कंपनीवर तो राज्याच्या वतीने थेट खटला भरू शकतो. १९९८ मध्ये ४६ राज्यांच्या अशा अधिकाऱ्यांनी मिळून सिगारेट कंपन्यांना २०० अब्ज डॉलरहून मोठ्या तडजोडीवर आणलं होतं.

आपल्याकडे नावाने त्याच्या जवळ जाणारं पद म्हणजे महाधिवक्ता. पण महाधिवक्ता हा राज्य सरकारचा सल्लागार आणि वकील. लोणंदच्या शेतकऱ्याची कोंबड्यांची तक्रार घेऊन तो कोर्टात जात नाही.

मग फौजदारी कोर्टातला सरकारी वकील? तो उभा राहतो, पण 'राज्य विरुद्ध आरोपी' अशा खटल्यात, म्हणजे राज्याच्या बाजूने. तक्रारदार त्याचा अशील नसतो, साक्षीदार असतो. तक्रारदाराने स्वतःचा वकील दिला तरी तो सरकारी वकिलाला मदत करू शकतो, खटला चालवायचं काम सरकारी वकिलाचंच. आणि फसवणुकीच्या कलमाखाली, म्हणजे जुनं ४२० आणि आता भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८, आरोपीला सात वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. शिक्षा झाली म्हणून शेतकऱ्याच्या खात्यात आपोआप रुपया येत नाही.

इथेच बहुतेकांची गल्लत होते. आरोपी आत गेला की लोकांना वाटतं निम्मं काम झालं. जामीन मिळाला की वाटतं सगळं संपलं. सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये रमेशकुमार प्रकरणात स्पष्ट सांगितलं की जामिनाचा अर्ज म्हणजे पैसे वसुलीचा दावा नाही. पैशाचा रस्ता वेगळा आहे. तो जप्तीतून जातो.

१९९९ चा कायदा, ज्याचं नाव पोलिसांच्या तोंडी 'एमपीआयडी' असतं

पूर्ण नाव लांबलचक आहे. महाराष्ट्र ठेवीदारांच्या (वित्तीय संस्थांमधील) हितसंबंधांचे संरक्षण अधिनियम, १९९९. नव्वदच्या दशकात दामदुप्पट करून देणाऱ्या फायनान्स कंपन्या आणि सागाची झाडं विकणाऱ्या प्लँटेशन कंपन्यांचं पीक आलं होतं. त्या बुडाल्या तेव्हा लक्षात आलं की साध्या फसवणुकीच्या कलमाने संचालक पकडता येतो, पण त्याची जमीन, फ्लॅट, गाड्या वेळेत अडवता येत नाहीत. खटला निकाली निघेपर्यंत सगळं विकलं गेलेलं असतं.

तमिळनाडूने १९९७ मध्ये यावर कायदा केला, महाराष्ट्राने १९९९ मध्ये.

या कायद्याची खरी ताकद कलम ३ च्या शिक्षेत नाही. तिथे सहा वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड आहे. ताकद कलम ४ मध्ये आहे. ठेव परत मिळाली नाही, किंवा परत मिळण्याची शक्यता दिसत नाही, अशी सरकारची खात्री पटली की खटल्याचा निकाल लागायच्या कितीतरी आधी मालमत्ता जप्त करण्याचा आदेश काढता येतो. आधी ठेवीदारांच्या पैशातून घेतलेली मालमत्ता. ती पुरत नसेल तर संस्थेची इतर मालमत्ता, आणि प्रवर्तक, संचालक, भागीदार, व्यवस्थापक यांचीसुद्धा.

'परत मिळण्याची शक्यता दिसत नाही' हे शब्द महत्त्वाचे. म्हणजे कंपनीला कुलूप लागेपर्यंत थांबायची कायद्याला गरज नाही.

"पण आम्ही ठेव घेतलीच नाही, पिल्लं विकली!"

हा बचाव ठरलेला असतो. आणि तो अगदीच पोकळ नाही. धंद्याच्या रोजच्या व्यवहारात मालाच्या ऑर्डरपोटी घेतलेला अ‍ॅडव्हान्स, डीलरशिपचं डिपॉझिट अशा रकमा या कायद्यातल्या 'ठेवी'तून वगळलेल्या आहेत.

पण मूळ व्याख्या फार रुंद आहे. पैसे घेतले किंवा किमती वस्तू घेतली, आणि ते रोख, वस्तूच्या किंवा ठरलेल्या सेवेच्या रूपात परत द्यायचं कबूल केलं, की ती ठेव. व्याज दिलं की नाही दिलं, याने फरक पडत नाही.

ही व्याख्या किती रुंद, ते नॅशनल स्पॉट एक्स्चेंजच्या प्रकरणात दिसलं. २०१३ मध्ये मुंबईतल्या या एक्स्चेंजमध्ये सुमारे १३ हजार गुंतवणूकदारांचे ५,६०० कोटी रुपये अडकले. कंपनीचं म्हणणं होतं, आम्ही फक्त बाजार भरवला, ठेवी कुठे घेतल्या? सुप्रीम कोर्टाने २२ एप्रिल २०२२ ला हे म्हणणं फेटाळलं आणि या कायद्याखालची जप्ती कायम ठेवली. मे २०२५ मध्ये त्याच एक्स्चेंजच्या आणखी एका प्रकरणात कोर्टाने सांगितलं की या कायद्याखाली जप्त झालेल्या मालमत्तेवर तारण ठेवून कर्ज देणाऱ्या बँकेलाही आधी हात मारता येणार नाही. गावाकडच्या ठेवीदाराला या निकालाचं महत्त्व मोठं आहे, कारण कंपनीच्या शेडवर आणि जमिनीवर बहुतेक वेळा आधीच एखाद्या बँकेचा बोजा असतो.

गंमत म्हणजे हा कायदा मध्यंतरी मेला होता. २००५ मध्ये मुंबई हायकोर्टाच्या पूर्णपीठाने तो घटनाबाह्य ठरवला. २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने तमिळनाडूचा तसाच कायदा वैध ठरवला आणि मुंबईचा निकाल चुकीचा असल्याचं म्हटलं. त्यानंतर महाराष्ट्राचा कायदाही पुन्हा भक्कम उभा राहिला.

प्रांतसाहेब या भानगडीत कुठून आले?

या कायद्याखाली सरकार एक 'सक्षम प्राधिकारी' नेमतं. तो उपजिल्हाधिकाऱ्याच्या खालच्या दर्जाचा चालत नाही. त्यामुळे व्यवहारात हे काम अनेकदा प्रांताधिकाऱ्याकडे येतं. पोलीस नाही, न्यायाधीश नाही, महसूल खात्याचा माणूस.

हे मुद्दाम केलेलं आहे, आणि डोकं लावून केलेलं आहे. कारण फसवणुकीचा पैसा शेवटी कशात जाऊन बसतो? जमिनीत. आणि जमिनीचा कागद महसूल खात्याकडे असतो. जप्तीची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात चढली की ती जमीन उघड्या डोळ्यांनी कुणी विकत घेत नाही. पोलिसाला शोधायला महिने लागतील असे गट नंबर महसूल यंत्रणेला तिच्याच दप्तरात सापडतात.

जप्तीचा आदेश सरकार काढतं आणि तो राजपत्रात प्रसिद्ध होतो. त्यानंतर ३० दिवसांत सक्षम प्राधिकाऱ्याने विशेष न्यायालयात जाऊन तो आदेश कायम करून घ्यायचा असतो. हे न्यायालय जिल्हा व सत्र न्यायाधीश दर्जाचं असतं आणि तिथे सरकारचा विशेष सरकारी वकील बाजू मांडतो. कोर्ट आरोपीला नोटीस काढतं. "ही जमीन माझी आहे, कंपनीची नाही" असं म्हणणारा मेव्हणा किंवा भागीदार असेल तर त्याचंही ऐकून घेतलं जातं.

मेव्हण्याचा विषय निघालाच आहे तर कलम ८ बघायला हवं. कंपनी बुडायला आली की संचालक पहिलं काम कोणतं करतो? जमीन बायकोच्या, भावाच्या, ड्रायव्हरच्या नावावर करतो. खरी किंमत न देता, हेतू वाईट ठेवून घेतलेली अशी मालमत्ता असेल तर कोर्ट तेवढ्या किमतीची घेणाऱ्याची मालमत्ता जप्त करू शकतं. अर्थात हे सिद्ध करायला वेळ जातो. म्हणून पहिल्या तक्रारीची तारीख महत्त्वाची ठरते. तक्रारीला सहा महिने उशीर म्हणजे सहा महिन्यांची खरेदीखतं.

मग लोक उशीर का करतात?

याचं उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही, गावात आहे.

अशा कंपनीचा एजंट बाहेरचा नसतोच. तो दूध डेअरीवरचा ओळखीचा असतो, मुलाला शिकवलेले गुरुजी असतात, कधी घरचा जावई असतो. पैसे कंपनीला दिलेले असतात, विश्वास मात्र या माणसावर टाकलेला असतो. त्याच्याविरुद्ध पोलीस स्टेशनला जायचं म्हणजे सोयरीक तुटली. एजंट पण सांगत राहतो, "दिवाळीपर्यंत थांबा, केस केली तर कंपनीची खाती गोठतील आणि कुणालाच काही मिळणार नाही."

यातलं शेवटचं वाक्य अर्धं खरं आहे, म्हणूनच ते घात करतं. खाती गोठतात, हे बरोबर. पण ती गोठली नाहीत तर तो पैसा गप्प बसून राहत नाही. ज्यांचा वशिला आहे त्यांना गुपचूप परत दिला जातो किंवा दुसरीकडे वळवला जातो. गोठलेला पैसा सगळ्यांचा असतो, वाहता पैसा संचालकाचा.

एजंट आरोपी होतो का? कारभाराची जबाबदारी ज्याच्यावर होती तो प्रत्येक माणूस कलम ३ खाली येऊ शकतो. ज्याने फक्त कमिशन घेतलं आणि स्वतःचेही पैसे घातले, अशा माणसाला पोलीस साक्षीदार करू शकतात. कागद लवकर आणि स्वतःहून आणून देणाऱ्या एजंटाची बाजू लपून बसलेल्यापेक्षा नेहमीच बरी राहते. कारण कोणी, कधी, कुणाच्या सांगण्यावरून किती पैसे गोळा केले ही वही त्याच्याकडेच असते.

कंपनी इस्लामपूरची, तक्रार लोणंदला घेतील?

आधी हा मोठा घोळ होता. "ऑफिस तिकडे आहे, तिकडे जाऊन तक्रार द्या" असं सांगून माणसाला परत पाठवलं जायचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये स्वच्छ लिहिलंय की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असला तरी दखलपात्र गुन्ह्याची माहिती नोंदवून घ्यायची. यालाच झिरो एफआयआर म्हणतात. म्हणजे लोणंद पोलीस स्टेशनला दिलेली तक्रार नोंदवून पुढे वाळव्याकडे पाठवता येते. एफआयआरची प्रत फुकट मिळते. नोंदवायला नकार मिळाला तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोस्टाने पोलीस अधीक्षकांकडे पाठवता येते, आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो. तपास कुठपर्यंत आला, हे ९० दिवसांच्या आत तक्रारदाराला कळवणं पोलिसांवर बंधनकारक आहे.

मोठ्या रकमेची, अनेक तक्रारदार असलेली प्रकरणं पुढे जिल्ह्याच्या आर्थिक गुन्हे शाखेकडे जातात. शाखा बदलली, अधिकारी बदलला, तरी तक्रारदाराचा जबाब आणि कागद तेच राहतात. म्हणून पहिल्या दिवशी दिलेले कागद पूर्ण असणं फार कामाला येतं. करारनामा, पावत्या, बँकेचं स्टेटमेंट, कंपनीच्या माणसाबरोबरचं व्हॉट्सअ‍ॅप बोलणं. रोख दिले असतील तर कुणासमोर दिले, ती नावं.

या नव्या संहितेत आणखी एक कलम आहे, १०७. गुन्ह्यातून मिळवलेली मालमत्ता कोर्टाने जप्त केली तर ती पीडितांमध्ये प्रमाणात वाटून देण्याचं काम जिल्हाधिकाऱ्याकडे सोपवता येतं, आणि त्याला ६० दिवसांची मुदत आहे. म्हणजे १९९९ च्या कायद्यामागची कल्पना आता साध्या फसवणुकीच्या गुन्ह्यातही आली.

शिवाय २०१९ मध्ये केंद्राने अनियंत्रित ठेव योजनांवर बंदी घालणारा कायदा केला. राज्याचा कायदा पैसे अडकले की धावतो, केंद्राचा कायदा परवानगीशिवाय ठेव योजना काढणं हाच गुन्हा ठरवतो. एखादी कंपनी गावात पैसे गोळा करतेय आणि शंका येतेय, तर रिझर्व्ह बँकेच्या 'सचेत' पोर्टलवर तिची माहिती बघता येते, तिथेच तक्रारही करता येते.

शेतकरी 'ग्राहक' असतो का?

हा प्रश्न ग्राहक आयोगात हमखास निघतो. कंपनीचा वकील म्हणतो, यांनी नफ्यासाठी व्यवसाय केला, हे ग्राहक कसले?

२०१२ मध्ये सुप्रीम कोर्टासमोर हेच भांडण आलं होतं. सरकारी मालकीच्या नॅशनल सीड्स कॉर्पोरेशनने आंध्रातल्या शेतकऱ्यांना बियाणं दिलं होतं, त्यातल्या काहींशी पीक परत विकत घेण्याचा करार होता. बियाणं सदोष निघालं. कंपनी म्हणाली, हे ग्राहक नाहीत. मधुसूदन रेड्डी नावाने ओळखल्या जाणाऱ्या या निकालात कोर्टाने ठरवलं की ते शेतकरी ग्राहकच आहेत. बायबॅकचा करार आहे म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगात जाते. पाच लाखांपर्यंत फी लागत नाही. आणि तक्रारदार जिथे राहतो त्या जिल्ह्यात ती दाखल करता येते, म्हणजे लोणंदकराला सांगलीला हेलपाटे नाहीत, सातारा पुरतं. वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. याच कायद्यात जिल्हाधिकाऱ्यालाही एक काम दिलंय, जे फार कमी लोकांना माहीत असतं. फसव्या जाहिरातीने अनेक ग्राहकांचं नुकसान होत असेल तर त्याची तक्रार जिल्हाधिकाऱ्याकडे करता येते, आणि तो चौकशी करून केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला अहवाल पाठवतो.

पण आयोगाची एक मर्यादा आहे. समोरची कंपनी चालू असेल तर आयोगाचा आदेश उत्तम. कंपनीला कुलूप आणि मालक फरार असेल तर आदेश हातात येतो, वसुली राहते. अशा वेळी जप्तीवाला रस्ता जास्त उपयोगी. दोन्हीकडे जायला मनाई नाही, मात्र एकच रक्कम दोनदा मिळत नाही.

कंपनीने पुढच्या तारखेचे चेक दिले असतील आणि ते बाउन्स झाले असतील तर तो तिसरा विषय. तिथे सरकारी वकील येत नाही, वकील स्वतःचा लागतो आणि मुदती कडक असतात. चेक परत आल्याचं बँकेने कळवल्यापासून ३० दिवसांत नोटीस, पैसे द्यायला समोरच्याला १५ दिवस, आणि त्यानंतर एका महिन्यात कोर्टात तक्रार. "देतो, देतो" म्हणत समोरचा नेमके हेच दिवस काढत असतो.

ऑनलाइन पैसे गेले असतील तर वर सांगितलेलं सगळं नंतर. आधी १९३० ला फोन, कारण तिथे पैसे पुढच्या खात्यात पोचण्याआधी अडवण्याची शक्यता मिनिटांवर अवलंबून असते.

कराडचं उदाहरण वेगळं का होतं?

डिसेंबर २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेने कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रद्द केला. सातारा जिल्ह्यात खळबळ उडाली. पण त्याच वेळी रिझर्व्ह बँकेने सांगितलं की ९९ टक्क्यांहून जास्त ठेवीदारांना पूर्ण रक्कम मिळेल. कारण बँकेतल्या ठेवीला विमा असतो, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये त्याची मर्यादा एक लाखावरून पाच लाख झालेली होती.

पतसंस्थेला हा विमा नाही. कोंबडीच्या कंपनीला तर नाहीच. बोर्डावर 'सहकारी', 'अर्बन', 'निधी' असं काहीही लिहिलेलं असलं तरी विमा फक्त बँकेच्या ठेवीला. बाकी ठिकाणी पैसे बुडाले तर जप्त मालमत्ता विकून जेवढे येतील तेवढेच, आणि तेही सगळ्यांमध्ये वाटून. दहा कोटी अडकले आणि विक्रीतून दोन कोटी आले तर प्रत्येकाला रुपयामागे वीस पैसे.

नोटीस पेपरात येते, आणि तोपर्यंत लोकांनी नाद सोडलेला असतो

जप्ती कायम झाली, कोर्टाने विक्रीला परवानगी दिली, की सक्षम प्राधिकारी ठेवीदारांकडून दावे मागवतो. जाहीर नोटीस वर्तमानपत्रात येते. दावा आपोआप नोंदवला जात नाही. पोलिसांना जबाब दिला होता म्हणजे यादीत नाव आलं, असं धरून चालता येत नाही.

इथपर्यंत यायला वर्षं गेलेली असतात. शेड मोडून त्याचे पत्रे विकलेले असतात, पावत्या पावसात भिजलेल्या असतात, पोरगं पुण्याला कामाला लागलेलं असतं आणि घरात त्या विषयाचं नाव काढायची बंदी असते. कंपनी वाळवा तालुक्यातली असेल तर दावा बहुधा तिकडच्या महसूल कार्यालयात द्यावा लागतो, त्यामुळे लोणंद-खंडाळ्यात ती नोटीस कुणाच्या नजरेला पडतही नाही. गुन्ह्याचा नंबर, पोलीस स्टेशनचं नाव आणि वर्ष एवढं जवळ असलं तर आर्थिक गुन्हे शाखेत विचारून सक्षम प्राधिकारी कोण नेमलाय हे कळू शकतं.

दाव्यासोबत सहसा प्रतिज्ञापत्र, मूळ पावत्यांच्या प्रती, ओळखीचा पुरावा आणि बँक खात्याचा तपशील मागितला जातो. आधी मिळालेले हप्ते लपवायचे नसतात, कारण कंपनीच्या खात्यावरून ते दिसतात आणि खोटं प्रतिज्ञापत्र हा वेगळा गुन्हा होतो. ज्याच्या नावाने पैसे भरले तो माणूस आता हयात नसेल तर वारसांना दावा करता येतो. त्यासाठी मृत्यूचा दाखला आणि वारस असल्याचा कागद लागतो, आणि तो तयार करायला तहसील किंवा कोर्टात किती दिवस जातील हे नोटिशीतली मुदत बघून आधीच विचारून ठेवावं लागतं.